आवाज न करणारा कॉम्प्युटर

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. हजर: मी, माझी मुलगी, माझे धाकटे दीर. गैरहजर: माझा नवरा, दोन वर्षं होत आली.

वहीत खरंच असं लिहिलेलं आहे. घरात काही ठरवायचं असलं की आधी तारीख, मग कोण कोण बसलं ते, मग मुद्दे, ही माझी पद्धत. ऑफिसात मीटिंगांची टिपणं लिहून लिहून ती सवय लागली. घरच्या बैठकीला गैरहजरचा रकाना लागत नाही, पण हात तिथपर्यंत गेला आणि लिहून मोकळा झाला. मुलीने वाचलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली.

मुद्दा एकच होता, नवा कॉम्प्युटर. मुलीला व्हिडिओ एडिटिंगचं स्वतःचं पहिलं काम मिळालं होतं आणि मार्चपासून ते घरून करायचं होतं. तिचा लॅपटॉप दोन मिनिटांच्या व्हिडिओलाही धापा टाकायचा. तयार मशीन घेण्यापेक्षा एकेक पार्ट निवडून घरीच जोडायचा, हे तिचं आणि तिच्या काकांचं आधीच ठरलेलं. त्यावर गेमही चांगले चालले पाहिजेत, ही तिची अट.

मुलुंडचं आमचं घर लहान आहे. आतल्या खोलीत टेबल एकच आणि त्यावर माझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटर. नवा आणायचा तर जुना हलवावा लागणार. हे तिघांनाही माहीत होतं. तो मुद्दा मी पार्ट आणि कामांच्या यादीत सगळ्यांत शेवटी, चौदाव्या ओळीवर टाकला.

"पहिला प्रोसेसर लिहा, वहिनी," दीर म्हणाले.

"काका, पहिलं ग्राफिक्स कार्ड. त्यावर बाकीचं ठरतं."

"तुला काम करायचंय का खेळायचंय?"

"दोन्ही. काम करून दमले की खेळणार. तू दमलास की काय करतोस? झोपतोस. मी काही बोलते का?"

मी दोन्ही लिहिलं, शेजारी शेजारी. मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. दीर म्हणत होते की एडिटिंगला रॅम जास्त लागते, तिथे कंजुषी नको. मुलगी म्हणत होती की रॅम नंतर वाढवता येते, कार्ड परत परत घेता येत नाही. मग तिने मोबाइलवर कॅबिनेटचा, म्हणजे बाहेरच्या पेटीचा, फोटो दाखवला. तीन बाजूंनी काच आणि आत रंग बदलणारे दिवे.

"हे काय, गणपतीचं मखर आहे का?" मी विचारलं.

"आई, मखर अकरा दिवस. हे वर्षभर."

दीर हसले. मीही हसले. मग मी माझा एकमेव मुद्दा सांगितला. "आवाज नको. बाकी तुम्ही ठरवा."

"पंखे असणारच गं. गरम होतं ते."

"असू देत. ऐकू येता कामा नयेत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि यादीत भर घातली: मोठे पंखे, हळू फिरणारे. का, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवशी मी सांगितलं नसतं.

माझा नवरा लग्नांचं शूटिंग करायचा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कधी बोरिवली. कॅमेरा त्याच्याकडे, लाइट धरायला धाकटा भाऊ. घरी आल्यावर आतल्या खोलीत एडिटिंग. तयार व्हिडिओ बाहेर काढायला मशीन तासन्‌तास चालायचं आणि त्याचा पंखा घरघरायचा. त्या घरघरीत आम्ही जेवलो, मुलीचा अभ्यास झाला, मी पोळ्या लाटल्या. ती थांबली की मुलगी विचारायची, "बाबा, झालं?"

शूटिंग करताना तो कॅमेऱ्यामागून सारखा बोलायचा. काकू, हार जरा वर. मामा, तुम्ही नवरदेवाला झाकताय. ताई, इकडे बघा, हं, झालं. एडिटिंगला बसला की पहिलं काम स्वतःचा आवाज काढून टाकणं. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, लग्न हवं असतं, शूटिंगवाला नको, असं तो म्हणायचा. जिथे जिथे तो बोलला तिथे आवाज बंद करून सनई नाहीतर गाणं. ही सवय इतकी पक्की की मुलीच्या वाढदिवसांचे व्हिडिओही त्याने तसेच केले. त्यात मी आहे, मुलगी आहे, केक आहे. मुलगी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारते, मग खदखदून हसते. मधे त्याने काय उत्तर दिलं ते नाही. तिथे गाणं आहे.

डिस्कमध्ये जागा कमी, लग्नं जास्त. म्हणून मूळ शूटिंग, ज्याला तो रॉ म्हणायचा, ते सांभाळायचं खातं माझ्याकडे होतं. मी वही केली. रकाने चार: लग्नाची तारीख, हॉल, पार्टीचा ओके, डिलीट. पार्टीने व्हिडिओ बघून ओके दिला की मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन तो फोल्डर काढून टाकायची आणि खूण करायची. तो आळशी होता यात, म्हणायचा, राहू दे गं, उद्या बघू. मी राहू दिलं नाही. अशा सहा वह्या भरल्या. एक खूण चुकलेली नाही.

तो गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मला त्याचा आवाज ऐकावासा वाटला. साधी गोष्ट वाटली. घरात एवढे व्हिडिओ. मी एकेक लावून बघितले, तेव्हा लक्षात आलं. मोबाइलवर तो बोलून निरोप पाठवायचा नाही, टाइप करायचा. आणि त्याचा मोबाइल मी पंधराव्या दिवशीच सगळं पुसून सासऱ्यांना दिला होता. त्यांचा बिघडला होता, हा पडून होता. कामाच्या यादीत तीही एक ओळ होती. तीवर खूण आहे.

आता पंख्याचं. मुलुंडला अधूनमधून वीज जाते. तो गेल्यावर पहिल्यांदा वीज गेली ती एका शनिवारी दुपारी. घरात मी एकटी, भाजी निवडत होते. वीज आली, फ्रिज गुरगुरला आणि आतल्या खोलीतून घरघर सुरू झाली. मी स्वतः बंद केलेला कॉम्प्युटर चालू झाला होता. पडद्यावर आमचं जुनं चित्र, मुलगी शाळेच्या गणवेशात. खुर्ची टेबलापासून थोडी मागे, तशी ती नेहमीच असते. मी दारात उभी राहिले. आत गेले नाही. थोड्या वेळाने जाऊन नीट बंद केला.

पुढच्या वेळीही तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही. प्लग काढून ठेवणं हा उपाय मला सुचला नाही असं नाही. मी घरात पाण्याचा नळ टपकला तरी त्याच दिवशी दुरुस्त करणारी बाई. पण प्लग काढला नाही. उलट वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवायला लागले: तारीख, वीज कधी आली, तो कधी सुरू झाला. मुलगी घरी असताना एकदाच झालं. ती हेडफोन लावून बसली होती. तिला कळायच्या आत मी जाऊन बंद केला. कोणालाही सांगितलं नाही. एवढं मात्र खरं की वीज गेली की मी हातातलं काम ठेवून बसून राहायची, आणि ती आली की फ्रिजनंतर किती वेळ लागतो ते मोजायची.

म्हणून मला आवाज नको होता. पुन्हा एखादी घरघर त्या खोलीत सुरू व्हावी आणि ती दुसऱ्याच कोणाची असावी, हे मला चाललं नसतं.

जेवणं झाल्यावर आम्ही चौदाव्या ओळीवर आलो. दीर म्हणाले, "जुन्यातलं काही चालतंय का ते बघू. बाकी भंगारात." तो कॉम्प्युटर त्यांनी आणि भावाने मिळून जोडलेला.

मुलीने जुना सुरू केला. पंखा घरघरला. आत कोणते पार्ट आहेत ते बघायला ती सुरुवातीच्या सेटिंगांमध्ये गेली, आणि मधेच थांबून हसली. "बाबा पण ना. काका, हे बघ. लाइट जाऊन परत आली की आपोआप चालू, असं ठेवलंय."

"हो, ते आम्हीच केलं होतं," दीर म्हणाले. "काम चालू असताना लाइट जायची. आली की मशीन आपणहून उठून तयार राहायचं. दादाला बटण दाबायलाही उठायचं नसायचं."

मी म्हटलं, "बरं." मागच्या पानावर तेवीस नोंदी होत्या. वही मी मिटून मांडीवर घेतली.

आत शूटिंग साठवायच्या दोन डिस्क होत्या. पहिली रिकामी. ती मीच रिकामी केलेली. दुसरीत एकच फोल्डर होता, तारीख आणि भांडुपच्या एका हॉलचं नाव. मुलीने उघडलं, तर चाळीसेक फायली.

"आई, हे रॉ आहे."

मला वही बघायची गरज नव्हती. त्या लग्नाचा व्हिडिओ तयार होऊन पडून राहिला, कारण नवरा-नवरी दोन महिन्यांतच वेगळे झाले आणि व्हिडिओ न्यायला कोणी आलंच नाही. मी दर महिन्याला विचारायची, डिलीट करू का? तो म्हणायचा, राहू दे, येतील. ओकेचा रकाना कोरा राहिला, म्हणून डिलीटचाही कोरा. सहा वह्यांतली ती एकच बाकी.

"म्हणजे ह्यात बाबा बोलत असतील," मुलगी म्हणाली. तिचा हात माउसवर होता.

तेवढ्यात डिस्कमधून टक असा आवाज आला. मग परत, टक, टक. दीर पटकन पुढे झाले. "थांब गं. लावू नको. बंद कर आधी."

"एक फाइल, काका. फक्त एक."

"ही डिस्क जायला आलीय. आता जितकं चालेल तितकं शेवटचं समज. फाइल लावशील आणि मधेच अडकली तर पुढचं सगळं गेलं. नव्या मशीनमध्ये मोठी डिस्क घेऊ, ही तिला जोडायची आणि एका दमात कॉपी करायचं. जमलं तर जमलं."

"आणि नाही जमलं तर?"

दिरांनी बंद करायच्या बटणाकडे बोट केलं.

"आणि आईने पुसलेलं? पुसलेलं परत आणता येतं ना?"

"वर काही लिहिलं नसेल तर येतं," ते म्हणाले. "इथे आधीच्या लग्नावर नंतरचं लग्न लिहिलंय. आम्ही जागा कुठे मोकळी ठेवायचो."

मुलगी माझ्याकडे वळली नाही. तिने मशीन बंद केलं आणि घरघर थांबली. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "झालं." मग तिने स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि माझ्या हातात दिली. अजून कोमट होती. मी ती त्याच्या लेन्स पुसायच्या पिवळ्या कपड्यात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा कपाटात माझ्या साड्यांच्या मागे. यादीत चौदावी ओळ खोडून नव्याने लिहिली: जुनी डिस्क जोडणे, कॉपी करणे. कोण: मी. तारखेची जागा मोकळी सोडली.

पुढचं मार्चच्या आत झालं. घाटकोपरच्या एका दुकानातून पार्ट आणले, दोन पार्ट उशिरा आले. एका रविवारी दिवाणखान्यात चादर पसरून काका-पुतणीने सगळं जोडलं. मधे एक स्क्रू हरवला, तो दिरांच्याच खिशात सापडला आणि मुलीने त्यांना दिवसभर ऐकवलं. ग्राफिक्स कार्ड तिच्या मनाचं, रॅम त्यांच्या. काचेचं मखरही आलं. पंखे फिरतात, पण खरंच ऐकू येत नाहीत. कान लावावा लागतो.

जोडून झाल्यावर मुलीने विचारलं, "आई, ते लाइटचं सेटिंग ह्यातही ठेवू? बाबांसारखं?"

मी म्हटलं, "ठेव."

आता दुपारी वीज जाऊन येते तेव्हा फ्रिज गुरगुरतो आणि पुढे काही ऐकू येत नाही. मला उठून आतल्या खोलीपर्यंत जाऊन बघावं लागतं. भिंतीवर हिरवा, मग निळा उजेड पडलेला असतो. खुर्ची थोडी मागे असते. मी बंद करते आणि येते.

मुलगी तिचं काम वेळेवर देते आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर ऑनलाइन गेम खेळताना भांडते. मोठी डिस्क आत बसवलेली आहे, निम्म्याहून जास्त रिकामी. तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हटलं, या रविवारी. दुसऱ्यांदा म्हटलं, काका येतील तेव्हा. काका तीनदा येऊन गेले. त्यांनीही विषय काढला नाही, चहा घेतला आणि गेले. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, तू बाकी कामं एवढी लांबवत नाहीस." मी म्हटलं, माहितेय.

डबा मी अधूनमधून काढते. कपडा उघडत नाही. जोपर्यंत जोडलेली नाही तोपर्यंत त्या चाळीस फायलींमध्ये तो कोणाला तरी बाजूला व्हा म्हणतोय, कोणाला तरी इकडे बघा म्हणतोय.

फेब्रुवारीच्या त्या पानावर चौदा ओळी आहेत. तेरांवर खूण आहे.

१४. जुनी डिस्क जोडणे, कॉपी करणे. कोण: मी. तारीख: