डायव्हर्जनवाले

अल मन्सूरातल्या उडप्याकडे दर शुक्रवारी एक गृहस्थ शेजारच्या टेबलावर असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. वर्ल्ड कपसाठी अख्खं दोहा उकरून ठेवलं होतं, आणि रस्त्यांवर डायव्हर्जनच्या पाट्या लावणं हे यांचं काम. इडली आली की ताट, वाटी, ग्लाससुद्धा सवयीने इकडचे तिकडे करत.

मध्ये बरेच दिवस दिसले नाहीत. आले ते चिंचेच्या गोळ्यांचा पुडा घेऊनच.

"घ्या, प्रसाद. थायलंडला देवदर्शनाला गेलो होतो."

आमचं टेबल खो खो हसलं. "बँकॉकला? आणि देवदर्शन?" म्हणत मी मित्रांना डोळा मारला.

"अयुथ्थयाला, त्यांच्या जुन्या राजधानीला," ते शांतपणे म्हणाले. "गाडी घेऊन हिंडलो. देवळं, पडकी शहरं, भातशेतं. देऊळ पडून शतकं झाली, पण वाट तीच आहे हो! मला तर भरूनच आलं."

जेवून मी मदिनत खलीफाला घरी निघालो. सकाळी होता तो राउंडअबाउट जागेवर नव्हता. तिथे नारिंगी पाटी, आणि पाटीवर बाण.

तोंडात त्यांचाच प्रसाद होता. मुकाट्याने वळलो.