'काय खाता?' या प्रश्नाची उत्तरं

धुळ्यात देवपूरला माझं आहारसल्ल्याचं क्लिनिक आहे. समोरच्याला आधी विचारायचं, "दिवसभरात काय खाता?" या एका प्रश्नाने माझ्याकडे इतके किस्से जमलेत, की भिशीत मैत्रिणी आधी मला बोलतं करतात आणि मग चहा टाकतात.

*

सोनगीरच्या नानांना शुगर. त्यांना तीन भाकरींवरून एकीवर आणलं, जोडीला वाटीभर डाळ, पालेभाजी, काकडी. महिनाभराने वजन होतं तेवढंच.

"नाना, भाकरी किती खाता?"

"एकच."

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बाई खरं बोलणारी.

"एकच शे, ताई. पण पीठ तितलंच लागस."

*

दोंडाईच्याचे एक व्यापारी, कोलेस्टेरॉल वाढलेलं. शेवभाजी सोडणार नाही म्हणाले. मी म्हटलं, निदान वरची तर्री तरी काढा.

पुढच्या खेपेला खुशीत आले. "मॅडम, तर्री आता वेगळ्या वाटीत काढतो."

"छान. मग?"

"मग शेवटी भाकरीशी खातो. वाया कशाला घालवायची?"

*

जळगावला एका ऑफिसात भाषण दिलं: अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ-उसळ, पाव ताट भाकरी किंवा भात. नंतर जेवायला भरीत-पुरी होती. साहेबांनी अर्धं ताट भरीत घेतलं. त्यातून तेलाचा ओघळ निघून पुऱ्यांपर्यंत पोचला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "अर्धं ताट भाजी, मॅडम. अन् तेल शेंगदाण्याचं आहे, ते डाळीत धरा."

*

कॉलेजची एक मुलगी नुसत्या सॅलडवर राहायची. केस गळायला लागले, चक्कर यायला लागली, तेव्हा आई घेऊन आली. मी वरण-भात, उसळ आणि वर चमचाभर तूप लिहून दिलं. तिने कागद वाचला, भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट वाचलं, आणि आईला हळूच म्हणाली, "आपण दुसऱ्या कोणाला दाखवू या का?"

*

शिंदखेड्याकडच्या एका गावाहून आबा आणि अक्का हे नवरा-बायको आले होते. अक्कांच्या अंगात रक्त कमी, चार पावलं चालल्या की धाप. मी अक्कांना विचारायचे आणि उत्तर आबा द्यायचे. "दूध पिते. भाजी खाते. बठ्ठं खाते, काही सोडत नाही."

"आबा, त्यांना बोलू द्या. अक्का, काल काय जेवलात?"

अक्का बराच वेळ आठवत राहिल्या. "सगळास्नं जेवण झालं, मंग जे उरनं ते."

मी डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, वर लिंबू असं लिहून दिलं, आणि खाली मोठ्या अक्षरात: सगळ्यांबरोबर, गरम जेवायचं. कागद आबांनी घडी करून खिशात ठेवला.

दोन महिन्यांनी अक्का एकट्याच आत आल्या. आबा बाहेर बाकावर थांबले होते. रक्त चांगलंच वाढलं होतं.

"अक्का, काय केलंत?"

"मी काय करसू? बाहेर बसेल शेतस ना, तेच वाढतस. मंग समोर बसी राहतस. ताट संपेपावत उठू देतस नही."

"मग चांगलंच आहे की."

अक्कांनी दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला.

"ताई, त्यासले एक सांगा ना. इतलं टक लाईसन नका देखत जाऊ. चाळीस वरीसमा कधी देखं नही, आते माले लाज वाटस."