घाण्याच्या बैलाची सुट्टी

आण्णांनी जेवण सोडलं तेव्हा मी सगळ्यात आधी मिक्सर विकत घेतला. वडिलांचं वय झालं, चावत नसेल, असं माझं निदान. मग सूप, मग डबाभर महागडी पावडर. आण्णा ताटाकडे बघायचे आणि विचारायचे, "बैलाला वैरण घातलीस?"

"आण्णा, बैल जाऊन जमाना झाला. आपण आता कोल्हापुरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो," मी समजावायचो. अशा विसर पडलेल्या माणसाशी खरं बोलावं, असं कुठंतरी वाचलं होतं. आण्णा तोंड मिटून घ्यायचे. त्यांचा सदरा दिवसेंदिवस सैल होत होता आणि मला भीती वाटत होती.

बैल मलकापूरचा. तरुणपणी आण्णा कोकणातून घाट चढून आले, माझ्या आईशी लग्न केलं आणि तिथं तेलाचा घाणा टाकला. त्या लग्नापायी त्यांचं कोकणातलं घर तुटलं ते तुटलंच. शनिवारी घाणा बंद. एरवीही शनिवारी तेल कोण विकत घेतं? त्यामुळे गावाला त्याचं नवल नव्हतं, आणि मी तर आमच्या घरात मारुतीची कडक उपासना आहे असं छातीठोकपणे सांगत फिरायचो. आजही मी शनिवार धरतो. साबुदाणा मला पचत नाही, तरी धरतो.

आण्णांच्या तब्येतीची बातमी कशी कोण जाणे अलिबागकडं पोचली, आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, पहिल्यांदाच आमच्या दारात आली. नेमका शनिवार. माझा उपवास कशाचा ते तिनं विचारलं, आणि कारण ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अरे, आपण ज्यू. शनिवार शब्बाथचा. त्या दिवशी माणसाला काम नाही, तसं बैलालाही नाही. आणि मुक्या जनावराच्या पोटात काही गेल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. दादा बैलाचं विचारतोय, आणि तू त्याला मजला सांगतोस?"

पन्नाशी उलटल्यावर आपण कोण ते कळावं, आणि तेही तोंडात खिचडी असताना. रागवायचं होतं, पण कुणावर ते सुचेना.

बायकोनं गरम भाकरी आणि गुळाचा खडा हातात दिला. खाली गल्लीत गवळ्याची म्हैस बांधलेली असते, तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"पावणं, नवस बोललाय काय?" गवळ्यानं विचारलं.

मी नव्या उत्साहात सुरुवात केली, "आमच्या ज्यू धर्मात..."

"आसंल की. पर हात मागं घ्या, म्हस मारकी हाय."

म्हशीनं भाकरी संपवली आणि ती माझ्या बाहीकडं वळली, तसा मी निघालो.

वर येऊन आण्णांपुढं ताट ठेवलं. "घातली वैरण," मी म्हणालो.

त्यांनी मला निरखून बघितलं. "त्याच्याआधी तू खाल्लं नाहीस ना?"

"छे, उपवास आहे माझा."

आण्णांनी अंगठ्यानं माझ्या मिशीला चिकटलेला गूळ पुसून काढला. मग त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.