अल्लाबक्षभाई आणि चाळीस मायक्रॉन

नगरच्या एमआयडीसीत सुरेखाताईंच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं मिलिंग मशिन चालवतोय. माझं नाव रंगनाथ, गाव कर्जतजवळचं. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, आणि जे आहे ते पुढे ओघात येईलच. सांगायचंय ते अल्लाबक्षभाईंबद्दल.

भाई नेवाशाचे. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. खोक्यासारखे मोठे टीव्ही होते तोवर त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मग भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले. ते बिघडले की लोक दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवाच आणू लागले, आणि बघता बघता दुकान रिकामं झालं. भाईंच्या बरोबरीच्या दोघांनी मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. भाईंना ते पटेना. त्याच सुमारास नगरच्या एका कारखानदाराने मशिनमधलं जळालेलं सर्किटचं कार्ड त्यांच्याकडे आणून टाकलं. भाई शिकलेले दहावीपर्यंत. मशिन कसलं, कार्ड कसलं, काही माहीत नाही. पण खोलून बघितल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आतली वीज टीव्हीतल्यासारखीच वागते, फक्त अंगाने दांडगी आहे. चार दिवसांत कार्ड चालू झालं. तिथून पुढे आठवड्यातले तीन दिवस त्यांची मोटरसायकल नगरला दिसू लागली.

फिरत्या कटरने लोखंड कापणारं आमचं मिलिंग मशिन सीएनसी आहे. म्हणजे आकडे भरून प्रोग्रॅम द्यायचा आणि त्याप्रमाणे पीस धरलेलं टेबल आपोआप मागेपुढे सरकतं. ताईंनी ते जुनंच विकत घेतलं होतं. अंगाने भक्कम, ओतीव लोखंडाचं. पण टेबल सरकवणाऱ्या मोटरी जुन्या पद्धतीच्या, कार्बन झिजणाऱ्या, आणि मोटरींना वीज मोजून देणारे ड्राइव्ह तर त्याहून थकलेले. दर तीन-चार महिन्यांनी एखादा ड्राइव्ह बंद पडायचा. मग भाईंना फोन. ते यायचे, त्यातलं कार्ड काढून न्यायचे, परवा-तेरवा आणून बसवायचे. नऊ वर्षं असंच चाललं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ते असंच एक कार्ड घेऊन आले. बसवलं, मशिन चालू करून दिलं आणि सरळ ताईंच्या केबिनमध्ये गेले. मी सही घ्यायला तिथंच उभा होतो.

"ताई, हे कार्ड मी आजून एकदा करीन, दोनदा करीन. पुढं न्हाई जमनार. त्यातले पार्ट आता मिळत न्हाईत. मशिनचं अंग चांगलं हाय. मोटरी आन् ड्राइव्ह नव्या जमान्याचे बसवा."

ताईंनी विचारलं, "आणि तुमचं दर तीन महिन्यांचं काम?"

"ते जाईल," भाई म्हणाले. "मशिन ऱ्हाईल."

ताईंनी बाहेरूनही दोघांना विचारून पाहिलं. एकाने मशिन भंगारात घाला म्हणून सांगितलं. दुसरा सगळंच बदलायला निघाला होता, आकडे भरायचा कंट्रोलसुद्धा. भाईंचं म्हणणं, कंट्रोलला काही झालेलं नाही, रंगनाथचे सगळे प्रोग्रॅम त्यात आहेत, तो तसाच राहू द्यावा. असं काम त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं, आणि तेही त्यांनी ताईंपासून लपवलं नाही. ताईंनी काम त्यांनाच दिलं.

नव्या ड्राइव्हचं पुस्तक चारशे पानांचं, इंग्रजी. भाईंनी डिक्शनरी घेऊन ते महिनाभर वाचलं आणि कामाचं तेवढं मराठीत एका वहीत उतरवून घेतलं. मी ती वही पाहिली आहे. एका आकड्यापुढे लिहिलं होतं, 'मोटरनं किती चटकन ऐकायचं'. दुसऱ्यापुढे, 'थांबताना किती दमानं'. इंजिनिअर लोकांना हसू येईल, पण त्या वहीवरून मलाही ड्राइव्ह कळला.

पंधरा दिवस मशिन बंद होतं. भाईंनी जुनी वायर काढण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, फोटो काढले, मगच पक्कड लावली. मोटरी उतरवल्यावर टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या टोकाचं एक बेअरिंग ढिलं निघालं. आडव्या अक्षाचं ठीक होतं, पुढे-मागे जाणाऱ्याचं खराब. भाईंनी ते बोटावर फिरवून पाहिलं आणि नवीन मागवून बसवलं. मी शेजारीच उभा होतो, पण बोललो नाही.

नव्या मोटरी बसल्यावर भाई ड्राइव्हचे आकडे एकेक करून वाढवत गेले. आकडा जरा जास्त झाला की टेबल गुणगुणायचं. भाई स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला लावायचे, मूठ कानाला धरायचे आणि आवाज थांबेपर्यंत आकडा खाली आणायचे. सोळाव्या दिवशी टेबल असं सरकलं, की ताई केबिनमधून बाहेर येऊन बघत राहिल्या. पूर्वी वळताना बसायचा तो हिसका गेला होता.

मग आम्ही पहिला खरा पीस लावला. गिअरबॉक्सचं झाकण, त्यात चार भोकं. तपासणीत भोकांमधलं अंतर चाळीस मायक्रॉनने चुकलेलं निघालं. चाळीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीएवढं. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यावर गिऱ्हाईक पीस परत पाठवतं. दुसरा पीस केला, तोही तेवढाच चुकला.

शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली, की टीव्हीवाल्याला एवढं काम द्यायलाच नको होतं. भाईंच्या कानावर ते गेलं असणारच. ते ताईंकडे गेले आणि म्हणाले, "काम माझं हाय, तर चूक बी माझीच धरा. एक दिवस द्या मला." मग त्यांनी पॅनेल उघडलं आणि स्वतःच बांधलेली वायर न् वायर पहिल्यापासून तपासायला घेतली.

चूक त्यांची नव्हती. ती कुणाची आहे ते मला दुसरा पीस मोजला तेव्हाच कळलं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्रोग्रॅममध्ये कटर पन्नास मिलिमीटर वर उचलायची ओळ होती आणि पन्नासपुढचं टिंब द्यायचं माझ्याकडून राहिलं. टिंब नसेल तर आमचा कंट्रोल पन्नास मायक्रॉन समजतो. कटर वर उचललाच गेला नाही आणि टेबल त्याच्याखालून पूर्ण वेगात मागे गेलं. कटर पीस पकडणाऱ्या शिकंज्याच्या जबड्यावर आदळून तुटला. दुपारची वेळ, सगळे जेवायला गेलेले. मी तुकडे गोळा केले, दुसरा कटर लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून टेबलाचा तो पुढे-मागे जाणारा अक्ष वळताना चाळीस मायक्रॉन ढिला पडू लागला. ती ढिलाई भरून काढायची सोय कंट्रोलमध्ये असते. पण त्यासाठी सुपरवायझरकडून किल्ली मागावी लागायची, आणि किल्ली मागितली की कशाला म्हणून विचारलं असतं. म्हणून मी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हातानेच तेवढा आकडा कमी-जास्त करत गेलो. सहा वर्षं एकही पीस परत आला नाही.

आता बेअरिंग नवं बसलं होतं. ढिलाई गेली होती आणि माझे आकडे मात्र प्रोग्रॅममध्ये तसेच होते.

मी दुपारपर्यंत कळ काढली. भाई जेवायलाही उठले नाहीत. दोन पायांवर बसून, चष्मा कपाळावर सारून, आपल्याच कामातली चूक शोधत होते आणि ती सापडेना म्हणून पुन्हा पहिल्या वायरवर येत होते. ते मला बघवेना. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, टिंबापासून.

भाईंनी पक्कड खाली ठेवली. मग विचारलं, "किती प्रोग्रॅममदी हाय?"

"बासष्ट."

"सगळ्यात चाळीसच?"

"नाही. शेवटच्या दोन वर्षांत लिहिलेल्यांत पंचेचाळीस."

त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. नंतर म्हणाले, "म्हंजी माझं काम बरूबर हाय." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि माझ्या मनावरचा अर्धा भार तिथंच उतरला. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं. "ताईंना तुमी सांगा. मी सांगनार न्हाई."

मी गेलो. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कटर तुटल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्या चिडल्या ते वेगळ्याच गोष्टीवर.

"रंगनाथ, या सहा वर्षांत तुम्ही आजारी पडला असतात तर? तुमच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाने नवा प्रोग्रॅम लिहिला असता तर त्याचे सगळे पीस बिघडले असते, आणि का बिघडले ते कुणालाच कळलं नसतं."

ताईंनी बासष्ट प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम मला दिलं आणि सुपरवायझरकडची किल्ली मशिनवरच ठेवायला लावली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

भाई आणि मी तीन दिवस बसलो. ते वाचायचे, मी आकडे बदलायचो. चौथ्या दिवशी झाकणाचा पीस लावला. भोकांमधलं अंतर तीन मायक्रॉनच्या आत आलं. तेव्हापासून मशिन ड्राइव्हमुळे एकदाही बंद पडलेलं नाही.

आमच्याकडचं काम बघून भाईंना एमआयडीसीतली आणखी पाच मशिनं मिळाली. त्यातल्या दोन ठिकाणी मीही रविवारी त्यांच्यासोबत गेलो. तिथं गेल्यावर भाई आधी पॅनेल उघडत नाहीत. मालकाला चहा सांगायला धाडतात, ऑपरेटरला बाजूला घेतात आणि विचारतात, "या मशिनचं काय काय सांभाळून घेता तुमी?" गेल्या महिन्यात एका ऑपरेटरने आधी मालक गेला त्या दाराकडे बघितलं. भाईंनी घाई केली नाही. मग त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर पेन्सिलीने आकडे लिहिले होते, ओळीने, आठ वर्षांचे. भाईंनी वही उघडली, मांडीवर घेतली आणि पहिल्या ओळीपासून उतरवायला सुरुवात केली.