पुंजाजीचे कोरडे तांदूळ

आमच्या गावच्या मारुतीला पुंजाजी शेंदूर चढवायचा. शेलूबाजारपासून दोन कोसांवरचं आमचं गाव लहान. पण त्याच्या हाताखालून निघायचा तसा देव मी पुढे कुठे पाहिला नाही. जयंतीच्या आदल्या दिवशी तो देवाचे चांदीचे डोळे काढून मूर्तीच्याच कोपराच्या खाचीत ठेवी, तेलात कालवलेला शेंदूर थापत जाई आणि शेवटी डोळे बसवी. काम उरकेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. बापापासूनचा नेम होता तो.

एकोणीसशे एकोणतीसच्या चैत्रात शेंदूर चढला आणि खाचीत एकच डोळा हाताला लागला.

देवळात आम्ही पाच जण होतो. मारोतराव पाटलांनी तिथेच तांदूळ मागवले. जुनी रीत. ज्याच्यावर संशय असेल त्यानं मूठभर तांदूळ चावून पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडचं पाणी भयानं आटतं, त्याचे तांदूळ कोरडे निघतात.

आमचे ओले निघाले. पुंजाजी चावतच राहिला.

"चाव, चाव," आमच्यातला जगदेव हसला, "सासरवाडीचे पोहे समजून चाव!"

पुंजाजी थुंकला. पानावर पांढरं पीठ पडलं.

सकाळपासून त्यानं पाणी घेतलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. पण ज्याचे तांदूळ ओले निघाले तो आपण सुटलो यातच असतो. त्याचं तोंड उघडत नाही.

"पाटील, मले मंगरूळच्या चौकीत न्या," पुंजाजीनं हात जोडले. "थे झडती घेतीन, इचारतीन. सुटीन मी."

"देवाची चोरी चौकीत कायले? देवानंच निकाल देल्ला."

खटलाच नाही, तर सुटका कुठली? त्याच्या लेकीची सोयरीक मोडली. देवळाची पायरी त्याला बंद झाली. दर वर्षी त्या दिवशी तो समोरच्या निंबाखाली बिनपाण्याचा बसे आणि परक्या हातांकडे पाही. "थर जाड होऊन राह्यला," एवढंच पुटपुटे. अकराव्या वर्षी तिथेच बसल्या बसल्या गेला.

पुढे दोन वर्षांनी देवाची खोळ सुटली. वर्षानुवर्षांच्या शेंदराचं कवच एका सकाळी आपोआप गळून पडलं. कोपराजवळचा तुकडा फुटला; आत चांदीचा डोळा. ओल्या शेंदरात तो घसरला होता आणि पुंजाजीच्याच हातानं वरून थापला गेला होता.

पाटील आणि मी त्याच्या बायकोकडे, गोजराबाईकडे गेलो. ती भाकरी थापत होती.

"वहिनी, डोळा सापडला. देवाच्याच अंगात होता."

तिनं मान वर केली नाही.

"मंग आता देवाले तांदूळ चारा."

खोळ अडाण नदीत सोडायला आम्ही तेच चौघे निघालो. वरचे थर जाडजूड, खालचे पुंजाजीचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. ऊन होतं. वाटेत माझ्या तोंडाला कोरड पडली. नदी समोर आली, तरी पाणी काही घेववलं नाही.