मास्तरांच्या कोपराचा सेन्सर

बातमी आली त्या दिवशी देवासच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी आणि कांचन हसत होतो. बारीक वायरींना नंबराच्या पट्ट्या चिकटवणं चालू होतं आणि कांचन विनायकचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एक किस्सा रंगवून सांगत होती. तेवढ्यात धारहून जगदाळे मास्तरांचा फोन आला. विनायक सकाळीच त्यांच्याकडे गेला होता. मास्तर म्हणाले, "वहिनीसाहेब, विनायकराव गेले. हार्ट अटॅक."

पुढचं ते काय बोलले ते आठवत नाही. हात चालला का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

हात म्हणजे मास्तरांचा उजवा हात. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. लकव्यानंतर बोटं शाबूत राहिली, पण हात कोपरातून उचलेना. विनायकनं त्यांच्यासाठी हाताला बांधायचा रोबोटिक आधार बनवायला घेतला. कोपरापाशी मोटर, डाव्या हातात बटण, आणि हात किती वाकला ते मोटरला सांगणारा नखाएवढा सेन्सर. मोटर विकत मिळाली. सेन्सर बसवून त्याच्या चार वायरी नीट जोडण्यात आमचे चार महिने गेले. "मास्तरांनी एक रेघ काढली तरी पुरे," असं विनायक म्हणायचा. त्या सकाळी तो हाच आधार बसवायला धारला गेला होता.

तेरा दिवस घरी माणसं येत राहिली आणि प्रत्येकानं येताना त्याचा एखादा किस्सा आणला. वर्कशॉपमधले वायरींचे तुकडे आम्ही रोज झाडून काढतो. किस्से झाडता येत नाहीत, ते साठतात. त्यातले थोडे लिहून ठेवते.

*

कांचन आमच्याकडे आठ वर्षं सोल्डरिंग करते. बोलते माळव्याच्या हिंदीत, विनायकला भिया, म्हणजे भैया, म्हणायची. दोन वायरी जोडण्याआधी त्यातल्या एकीवर प्लास्टिकची बारीक नळी सरकवून ठेवावी लागते, म्हणजे नंतर ती जोडावर ओढून गरम करून बसवता येते. विनायक नेमका नळी विसरायचा. जोड चकचकीत व्हायचा आणि नळी टेबलावर पडलेली असायची. मग जोड पुन्हा तोडायचा.

चौथ्यांदा असं झालं तेव्हा कांचननं त्याच्या हातातून सोल्डरिंगची गन काढून घेतली. "भिया, आज से पेले नली, फिर बात."

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः विसरली. कोणाला न सांगता बाहेर पायरीवर जाऊन बसली. विनायक तिच्यासाठी चहा घेऊन गेला आणि म्हणाला, "मी चारदा विसरलो, तू एकदा. अजून तीनदा विसरायची तुला सवलत आहे."

*

मग एक भलताच त्रास सुरू झाला. टेबलावर बांधून ठेवलेला आधार मधूनच आपोआप उचलला जायचा. विनायकनं वायरी बदलल्या, त्यांच्यावर जाळी चढवली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दोन दिवस वेल्डिंग बंद ठेवायला लावलं. तरी तेच.

शेवटी माझ्या लक्षात आलं. कांचन टेबलाशी वाकली की हात वर होतो. सेन्सर लोहचुंबकाकडे बघून कोन मोजतो, आणि कांचनच्या मोबाइलच्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं.

"बघ," विनायक म्हणाला, "मशीन किती रीतीचं आहे. तू आलीस की नमस्कार करतं."

कांचन म्हणाली, "तुमसे तो येई अच्छा है, भिया. तुम तो गर्दन बी नी उठाते."

*

मास्तर माप द्यायला देवासला आले होते. विनायकनं त्यांना मोठ्या उत्साहानं वायरिंगचा नकाशा दाखवला. मास्तरांनी चष्मा चढवला आणि डाव्या हाताचं बोट एका रेघेवरून फिरवलं.

"विनायकराव, ही वायर आहे की धारहून मांडूला जाणारा घाट?"

"मास्तर, वीज वाकड्या रेघेतूनही जाते."

"वीज जाईल. नजर जात नाही." मग डाव्या हातानं पट्टी कागदावर दाबून धरली, पेन्सिल दातांत पकडली आणि एक रेघ सरळ करून दिली. तीही जराशी कललीच. त्यांनी कागद आमच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्या दिवसापासून विनायक रविवारीही वर्कशॉपमध्ये जाऊ लागला.

*

पहिली चाचणी त्यानं स्वतःच्या हातावर घेतली. दुसऱ्याच्या हातावर आधी घ्यायची नाही, असा त्याचा नियम. तळहातावर वजन हवं म्हणून कांचननं पोह्यांची प्लेट ठेवली, वर भरपूर शेव.

हात जेमतेम चार बोटं वर उचलायचा होता. सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती, त्यामुळे हात वर जात असताना मोटरला तो खाली जातोय असं वाटत होतं. तिनं तो आणखी उचलला. प्लेट थेट त्याच्या कपाळावर.

मी धावत स्विच बंद केला. विनायकनं भुवईवरची शेव बोटानं काढून तोंडात टाकली.

"दिशा उलटी आहे," तो म्हणाला. "शेव ताजी आहे."

फोन आला तेव्हा कांचन सांगत होती तो किस्सा हाच.

*

चौदाव्या दिवशी मास्तर जावयाला बरोबर घेऊन आले. पुठ्ठ्याच्या फाइलची नाडी डाव्या हातानं सोडत सांगू लागले.

"वहिनीसाहेब, वायरी जोडून झाल्या. विनायकराव म्हणाले, मास्तर, काहीतरी काढा. मी म्हटलं, समोर बसा, तुम्हालाच काढतो. बटण दाबलं. हात उचलला. जिथं थांबवला तिथं थांबला. रेघ काढली, वहिनीसाहेब. सरळ."

"मग?"

"मग काय, ते एका जागी बसतील तर ना. कधी उठून वायर बघ, कधी सेन्सरला हात लाव. दोनदा उठले. शेवटी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, हलू नका."

मास्तरांनी कागद फाइलमधून बाहेर काढला.

"त्यानंतर नाही हलले. मला बरं वाटलं. डोळे मिटलेले दिसले. म्हटलं, दमले असतील, मिटलेलेच काढू."

चित्र आता माझ्याकडे आहे. उजवा कान काढायचा राहिला आहे.