फिलूची टाळू

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नर्स म्हणून कुवेतला निघाले. ओटीवर बॅगा बांधून तयार होत्या, घरात रोझरी चालली होती. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसलेल्या धाकट्या बहिणीचा, फिलूचा, डोक्यावरचा रुमाल घसरला आणि टाळूवर रुपयाएवढा बिनकेसांचा चट्टा दिसला. प्रार्थना संपताच आयने मला थांबवलं. "बघ गं जरा. तू तर शिकलेली." बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी उभ्याउभ्याच निदान केलं: चाई आहे, खोबरेल लाव नि रोज सकाळी डोकं उघडं टाकून उन्हात बस. आय खूश झाली. "उन्हाबिगर काय उगवतंय?" जन्मभर केळी नि भाजीपाला वाढवलेल्या बाईला एवढं पटायला वेळ लागला नाही.

आपल्यातल्या ज्या पोरी नर्स होऊन परदेशी गेल्या, त्यांना हा मान ठाऊक आहे. हॉस्पिटलात आपण ट्रे धरायचा, गावात मात्र आपण डॉक्टर. मला तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू.

वर्षभराने तिकडे माझी ड्युटी त्वचेच्या क्लिनिकमध्ये लागली. एका बाईचं डोकं तपासायचं होतं, मी दिवा धरला. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी केस फाकवले, भिंग लावलं आणि मलाही बघायला सांगितलं. चट्टा मधे पांढराफटक, गुळगुळीत. कडेने काळी किनार, फिलूच्या टाळूवर दिसली होती तशीच. मधल्या रंगाच्या पेशी मेल्यात, त्या म्हणाल्या, आणि केसांची भोकंच बुजलीत. चाईत भोकं शाबूत असतात म्हणून केस परत येतात. इथे व्रण झालाय, आता येणार नाहीत. "आणि हिला उन्हात जाऊ देऊ नका. उन्हाने हे पसरतं." मी विचारलं, सकाळचं कोवळं ऊनही? तेही, त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात फिलूचं पत्र आलं होतं. 'बावखलाच्या काठी पाण्याशी बसते, तिथे सावली नाही. एक दिवस चुकवला नाही. चट्टा वाढलाय, म्हणून आता दुपारीही बसते.'

घरी फोन नव्हता. मी तार केली: फिलूला उन्हात बसवू नका. तार म्हणजे मयत, असं धरून आय ती उघडण्याआधीच रडू लागली, शेजारीपाजारी जमले. मजकूर वाचल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं, नि अर्थ कुणालाच कळला नाही. मग मी पत्रात सगळं लिहिलं, माझी चूकसुद्धा. फिलूचं उत्तर दोन वाक्यांचं होतं: 'बरं. आता घरातच बसते.'

याला दहा वर्षं झाली. मी मलमं आणली, गोळ्या आणल्या. चट्टा पसरायचा थांबला, पण गेलं ते गेलंच. स्थळ आलं की आय आधीच सगळं सांगून टाकते आणि पाहुणे चहा पिऊन जातात. मी काय करू? मला काहीच करता येत नाही.

रजेवर आले की पहिल्याच संध्याकाळी फिलू पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसते आणि रुमाल सोडते. आयपुढेही ती तो सोडत नाही. माझ्यासाठी घर म्हणजे आता ती पायरी, दुसरं काही नाही.

"बघ गं, आलेत का?"

उत्तर तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी दोन बोटांनी केस फाकवते. "थांब, बघते," म्हणते, आणि बघतच राहते.